वांग्याच्या वाफ्यातला खंडोबा

खंडोबाचा किडा ज्याने उकिडवं बसून, तोंड बंद ठेवून, निदान दोन भाकरी भाजून होतील एवढा वेळ तरी पाहिलेला नाही, त्याच्याशी मी किड्यांबद्दल बोलत नाही. लोक मला फुलपाखरांचं कौतुक सांगतात. असेल बाई फुलपाखरू सुंदर. पण ते कधी मान वळवून तुमच्याकडे बघतं का? खंडोबाचा किडा बघतो. तुम्ही उजवीकडे सरकलात की त्याचं तिकोनी तोंड उजवीकडे फिरतं, डावीकडे सरकलात की डावीकडे. दुसरा कुठला किडा असा वळून बघताना मी पाहिला नाही, आणि किडे मी पुष्कळ पाहिले आहेत.

शिकलेली माणसं त्याला प्रार्थनाकीटक म्हणतात, हे मला फार उशिरा, नातवंडांच्या पुस्तकातून कळलं. मला हसूच आलं. पुढचे दोन पाय छातीशी जोडून बसतो, म्हणून म्हणे तो प्रार्थना करतो. ते जोडलेले पाय माशीवर कसे पडतात हे नाव ठेवणाऱ्याने पाहिलं असतं, तर त्याने दुसरं नाव शोधलं असतं. त्या पायांना आतून विळ्यासारखे दाते असतात. माशी त्यात सापडली की तिचं संपलंच. आमच्याकडचं नावच बरं. खंडोबा हातात तलवार घेतलेला देव, आणि हा त्याचा किडा.

आमचं गाव पुसेगावच्या अलीकडे, काळ्या मातीचं. मी सांगते ते निजामाच्या अमलातलं, रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या पुष्कळ आधीचं. घरात आबा म्हणजे माझे वडील, माय, मी, माझ्याहून मोठी अक्का, आणि आबांची थोरली बहीण, आमची आत्या. आत्या विधवा होती आणि मला आठवतं तेव्हापासून आमच्याच घरी राहत होती. परसात तिचा वांग्याचा वाफा होता. वाफ्याच्या कडेला कुंपणासारखी तूर लावलेली. त्या वाफ्यात आत्याच्या परवानगीशिवाय कोंबडीसुद्धा शिरत नसे.

वांग्यांना आमच्या घरात मान होता. आषाढात चातुर्मास लागला की वांगं बंद. झाडं फळांनी वाकली तरी चंपाषष्ठीपर्यंत कोणी तोंडात घालायचं नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग खा हवं तेवढं. त्यामुळे वाफ्यातली पहिली वांगी तशीच पिकून पिवळी पडायची, त्यांच्यावर किडे-माश्या यायच्या, आणि माश्यांच्या मागे खंडोबाचे किडे. आमच्या देवाने स्वतःच्या किड्याच्या जेवणाची सोय अशी करून ठेवली होती.

हा किडा आमच्याकडे मारायचा नाही असा दंडक होता. घरात शिरला तर त्याला चिमूटभर भंडारा लावायचा, म्हणजे खंडोबाची हळद, आणि काडीवर घेऊन परत झाडावर सोडायचा. एवढ्यावर भागत असे. पण आमच्या घरात त्याचा मान आणखी वाढला तो विहिरीमुळे. माझ्या जन्माआधी आबांना विहीर खणायची होती आणि जागा ठरत नव्हती. देवाला फुलं लावून कौल घेतला तर दोन्ही बाजूंची फुलं जागची हलली नाहीत. तेव्हा आत्याने दोन दगड मांडले, मधे खंडोबाचा किडा ठेवला आणि म्हणाली, देवा, तूच दाखव. किड्याने मान वळवून जांभळीकडच्या दगडाकडे हात केला. तिथे खणलं आणि असं पाणी लागलं की भर उन्हाळ्यातही मोट थांबत नसे. तेव्हापासून आबा, जे सावकाराला आणि पाटलालाही जेमतेम रामराम घालायचे, ते या बोटभर किड्याला हात जोडू लागले.

अक्काची गोष्ट वेगळी. ती हात जोडत नसे, बघत असे. धुणं वाळत घालून झालं की ती वाफ्याच्या बांधावर जाऊन बसायची आणि मी तिच्या मागे. किड्याबद्दल जे काही मला येतं ते तिने शिकवलेलं आहे. एकदा मी विचारलं, माशी त्याच्या नाकासमोर बसली आहे, मग खात काहून नाही? अक्का कुजबुजली, "त्याला हललेलं दिसतं. बसलेली माशी त्याला माशीच न्हाई. आता बघ." माशीने पाय चोळायला सुरुवात केली, आणि मला फक्त एवढंच दिसलं की माशी मघाशी पानावर होती आणि आता ती किड्याच्या हातात आहे. मधलं काही दिसलंच नाही. आजही दिसत नाही, डोळ्याला चष्मा लावून बसले तरी.

पुढे सरकायची त्याची रीत तर अशी की बघतच राहावं. वारा आला, पानं डोलली की तोही डोलतो आणि डोलता डोलता एक पाऊल टाकतो. वारा पडला की जागच्या जागी. पानापेक्षा जास्त हलायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्याने शिकून घेतलेली आहे आणि ती पुरते. माणसांत एवढा धीर मी फार थोड्यांत पाहिला. जेवायला बसला की सावकाश, घास घास चावून, माशीचे पंख तेवढे खाली टाकून देतो. आणि जेवण झालं की तोंड धुतो. हो, धुतो! एक हात वाकवून डोळ्यावरून ओढून घ्यायचा, मग तो हात तोंडात घालून स्वच्छ करायचा, पुन्हा डोळ्यावरून. आमच्या घरची मांजर यापेक्षा निराळं काही करत नव्हती. अक्का म्हणायची, "आपल्या घरात सगळ्यांत साफ हाच हाय."

कात टाकताना तो उलटा लटकतो आणि आपल्याच अंगातून असा बाहेर येतो, की मागे राहिलेल्या टरफलाला मिशासुद्धा असतात. माझ्याजवळ अशी टरफलं एका काडेपेटीत होती. बाकीच्या मुली सागरगोटे जमवायच्या.

एका आश्विनातली गोष्ट. तुरीच्या फांदीवर पोट टम्म असलेली हिरवी मादी बसलेली आणि तिच्या पाठीवर बारीकसा नर. आम्ही दोघी बघत होतो. बघता बघता मादीने मान मागे फिरवली, नराचं डोकं धरलं आणि खायला लागली. तो बिचारा डोकं गेल्यावरही पाठीवरून हलेना. मी ओरडले, "आत्या! आत्या, पळत ये! बायकोनं नवऱ्याला खाल्लं!"

अक्काने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवतो. पण आत्या आलीच. हातातलं सूप तिने खाली ठेवलं, फांदीपाशी वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मग सरळ उभी राहत म्हणाली, "ही तर खरंच खाऊन राहिली. मला उगंच म्हणत व्हते."

सूप उचलून ती गेली. चिमटा का बसला ते अक्काने मला नंतर सांगितलं. आत्याला लहानपणीच एका बिजवराला दिलं होतं. बायको मेलेला, पोरंबाळं असलेला, वयाने आमच्या आजोबांच्या जवळचा माणूस. जमीन पुष्कळ होती म्हणून दिलं. तो तापाने गेला तेव्हा आत्या धड सासरी नांदायलाही गेलेली नव्हती. तरी सासरच्यांनी म्हटलं, नवऱ्याला खाल्लं, आणि तिला कधी नांदायला नेलंच नाही. तो शब्द ती इतकी वर्षं कानात घेऊन फिरत होती, आणि मी तो परसात उभी राहून ओरडले. तिने मला एका शब्दाने दुखवलं नाही. त्या दिवशी मला तिचा फार लळा लागला, तो कायमचा.

त्याच दिवसांत अक्काला स्थळं यायला लागली. शेवटी दोन उरली. एक पुसेगावकडचं. मुलगा तरुण, भाऊ तीन, जमीन बेताची. त्याला अक्काने औंढ्याच्या जत्रेत एकदा पाहिलं होतं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यानं पहिले बैलाला पाणी पाजलं, मंग आपण पेला." एवढं बोलून ती लाल झाली, आणि मला कळायचं ते कळलं.

दुसरं स्थळ जवळा बाजाराकडचं. माळवदी घर, दोन विहिरी, कापसाचं रान. नवरदेव बिजवर. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, आणि तिचा मोठा मुलगा अक्कापेक्षा थोडाच लहान. आबांचा कल तिकडे होता. आबा वाईट नव्हते, हे मी आत्ताच सांगून टाकते. पोरगी पोटभर जेवेल, कोणाच्या बांधावर राबायला जाणार नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण कल म्हणजे त्यांचा कल. एकदा डोक्यात बसलं की माय पदराचं टोक चावत बसायची आणि अक्का कोरड्या डोळ्यांनी भाकरी थापायची. घरात आत्याचा दरारा होता खरा, पण तो चूल आणि देव यांच्यापुरता. जमीन, बैल आणि सोयरीक यांत भावाच्या घरी राहणाऱ्या बाईने तोंड घालायचं नाही, हे तिला कोणी सांगायला लागत नव्हतं.

अक्काला तिचा राग आला होता तो याचाच. "तिच्यावर हेच बेतलं तरी ती गप्प हाय," ती मला म्हणाली. "तिनं एक शब्द तरी बोलावं का न्हाई?" आत्या खरोखर गप्पच होती. वांगी राखायची, तुळशीला पाणी घालायची आणि आबांच्या ताटात भाकरी वाढताना त्यांच्याकडे बघायची नाही. एवढंच.

आणि मग चंपाषष्ठी जवळ आली असताना, आबा जेवायला बसलेले असताना, आत्या म्हणाली, "भाऊ, सोयरीक पक्की करायच्या पहिले देवाचा कौल घे. विहिरीच्या टायमाला घेतला तसा."

त्या विहिरीचं पाणी आबांच्या तांब्यात होतं. त्यांना नाही म्हणता येईना. "बराबर हाय," ते म्हणाले. "देव सांगल तसं."

अक्का माझा हात धरून मला परसात घेऊन गेली. कित्येक दिवसांनी तिचे डोळे हसत होते. "आता बघ," ती म्हणाली, "तो काय दगडाकडं न्हाई बघत आन् सुपारीकडं न्हाई बघत. हललं तिकडं बघतो. विहिरीच्या टायमाला जांभळीवर पाखरं असतील." तिने युक्ती काढली होती. दोन स्थळांच्या नावाने दोन सुपाऱ्या मांडायच्या, आणि त्या धुऊन आणायचं काम घरातल्या मुलीचं. पुसेगावच्या सुपारीला ती गूळ चोळणार होती. गुळावर माश्या येणार, माश्या हलणार, आणि खंडोबा पुसेगावकडे तोंड करणार. मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं.

अडचण एकच होती. मार्गशीर्षापर्यंत हे किडे उरत नाहीत. अंडी घालून झाली की थंडीत एक एक करून संपतात. अंडी घालणं हीही बघण्यासारखी गोष्ट. तुरीच्या काडीवर मादी फेस काढत जाते, दुधाला उकळी यावी तसा पांढरा, आणि त्या फेसाला शेपटाने घडी घालत घडी घालत त्यात अंडी ठेवते. फेस वाळला की शेणाच्या गोळीसारखा टणक होतो आणि पिलं त्यात उन्हाळाभर सुखाने पडून राहतात. तुराट्या चुलीसाठी उपटल्या जायच्या तेव्हा अक्का अशा काड्या निवडून वेगळ्या ठेवायची. चंपाषष्ठीच्या सकाळी आम्ही दोघींनी सगळं परस धुंडाळलं, आणि अशाच एका घरट्याजवळ शेवटची एक मादी सापडली. रंग हिरव्याचा मातकट झालेला, पंख फाटलेले, एक पाय नाही. पण मान फिरवली तिने. बोट हलवलं तसं बोटाकडे पाहिलं.

देवासमोर पाट मांडला, पाटावर तांब्याचं ताट. भावकीतले लोक आले, तळी उचलली, येळकोट झाला, भंडारा उधळला, भरीत-रोडगा खाऊन लोक गेले. घरातले तेवढे राहिलो. आत्याने ताटात वांग्याची डहाळी आडवी ठेवली, तिच्यावर अक्काने मादीला अलगद सोडलं. एका अंगाला जवळा बाजारची सुपारी, दुसऱ्या अंगाला पुसेगावची. पुसेगावची चकाकत होती. मी आणि अक्का दाराच्या आड. माय चुलीपाशी. आबा पाटाशेजारी बसले, आणि बसले ते नेमके जवळा बाजारच्या अंगाला.

आत्या म्हणाली, "देवा, जिकडं पोरीचं बरं हाय तिकडं हात कर."

माश्या काही येईनात. आबांना भरीत जास्त झालं असावं, ते एका हाताने पोट चोळत होते. हात हलत होता. मादीने मान उचलली आणि ती हळूहळू आबांच्या हाताकडे, म्हणजे जवळा बाजारकडे वळवायला लागली. अक्काची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. सगळं संपलंच होतं.

"थांब!" आत्या ओरडली. "भंडारा कुठं लावला? भंडाऱ्याबिगर कौल व्हतो का?" आणि चिमूट घ्यायची तर तिने मूठच भरली आणि त्या मादीच्या तोंडावर टाकली. मादी पिवळीजर्द झाली. अक्काने दाताखाली ओठ धरला. मला आत्याचा असा संताप आला की काय सांगू. एवढुसा तो जीव, आणि त्याच्यावर मूठभर हळद!

मादी क्षणभर तशीच बसली. मग तिने उजवा हात उचलला आणि डोळ्यावरून ओढला. तोंडात घातला. पुन्हा डोळ्यावरून. मग डावा हात, डावा डोळा. तेवढ्यात पुसेगावच्या सुपारीवर एक माशी आली, दुसरी आली, गुळावर नाचायला लागल्या. मादीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हळदीने भरलेले डोळे ती पुसतच राहिली. ना जवळा बाजार, ना पुसेगाव. नुसती डोळे पुसत होती, पुन्हा पुन्हा, हात वाकवून, एखादी बाई पदराने पुसते तशी.

"हे काय?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "हे काय करून राहिला देव?"

"दिसत न्हाई का तुला?" आत्या म्हणाली. "देव रडून राहिला."

आणि आत्या रडायला लागली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. "ह्या घरातली एक पोर बिजवराला देली," ती म्हणाली. "जमीन पाहून देली. तवा देवाला कोणी इचारलं न्हाई. आता इचारलं, तर तो रडून राहिला. अजून काय सांगायचं ऱ्हायलं भाऊ?"

आबांनी हात जोडले. मग त्यांनी जवळा बाजारची सुपारी उचलली, मुठीत घट्ट धरली आणि बाहेर निघून गेले. सोयरीक मोडल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन सांगितला, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही.

अक्काने मादीला डहाळीसकट परसात नेलं. बोटाने पाण्याचे थेंब सोडून सोडून तिची हळद धुतली. मादी थेंबाला तोंड लावून पाणी प्याली. "बाई गं," अक्का हसत होती आणि रडतही होती, "तोंड धूत व्हती ती! नुसतं तोंड धूत व्हती, आन् आत्याला वाटलं देव रडून राहिला." आम्ही दोघी तुरीच्या आड बसून तोंडात पदर कोंबून हसलो. आत्या भोळी, आत्याला काय कळतंय. मादी चार-आठ दिवसांत गेली. तिचा काळच सरला होता. तिचं घरटं मात्र अक्काने काडीसकट जपून ठेवलं, आणि वैशाखात लग्न होऊन पुसेगावकडे गेली तेव्हा लुगड्यांच्या घडीत घालून सासरी नेलं. पावसाळ्याच्या तोंडावर तिचा निरोप आला, की पिलं निघाली, मुंग्यांएवढी, धाग्याला लोंबकळत, आणि नवरा म्हणतो हे कसलं रुखवत. अक्का सुखात होती. फार नाही, पण सुखात. तिच्या घरी बैल अजूनही आधी पाणी पीत होते.

पुढे काही वर्षं आम्ही बहिणी भेटलो की ही आमची आपसातली गंमत होती. दोघींपैकी कोणी नाक शिंकरलं तरी दुसरी म्हणायची, देव रडून राहिला. आणि दोघी खिदळायचो. आत्या जवळच शेंगा सोलत बसलेली असायची. ती वर बघायचीही नाही.

मग माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. त्या वर्षी परिसरात रझाकारांची गडबड वाढली होती, लोक घाबरलेले होते, पोरी लवकर उजवून टाकायची घाई प्रत्येक घरात होती. एका सकाळी मी आणि आत्या वाफ्याच्या कडेच्या तुरीच्या शेंगा तोडत होतो. उशिराच्या फुलांची पिवळी धूळ सगळीकडे. माझ्या हाताशीच एक खंडोबाचा किडा होता. त्याच्या डोळ्यात ती धूळ गेली असावी, तो हात वाकवून डोळे पुसायला लागला.

मला गंमत सुचली. "आत्या," मी म्हटलं, "बघ, देव रडून राहिला."

आत्याने शेंगा तोडणं थांबवलं नाही. "रडतो कशाचा," ती म्हणाली. "तोंड धुऊन राहिला तो. डोळ्यात काही गेलं का धुतोच."

मी तिच्याकडे बघतच राहिले. वाफा तिचा. तूर तिची. आम्ही जन्मायच्या आधीपासून ती रोज सकाळी या झाडांत वाकलेली. आम्हाला कसं वाटलं की हे आमच्या दोघींनाच माहीत आहे?

"मंग तवा?" मी विचारलं. "भंडारा?"

"तुझी अक्का सुपारीला गूळ लावून बसली व्हती. थंडीत माश्या येतात का लवकर? अन् तुझा बाप तिकडून हात हलवून राहिला. मी काय करू?" तिने ओटीतल्या शेंगा टोपलीत रिकाम्या केल्या. "कौलाच्या पहिले मी रोज तुझ्या बापाच्या पाया पडत व्हते पोरी. तुमी पाण्याला गेल्यावर. रडत व्हते. म्हणत व्हते, माझं झालं ते लेकराचं नको करू. तो म्हणे, बाई, तुला काय समजतं. सख्ख्या बहिणीच्या डोळ्यातलं पाणी त्याला दिसत न्हव्हतं." ती किड्याकडे बघत होती. तो डोळे पुसून झाला होता आणि आता हात चाटत होता, निवांत, कसलीच घाई नसल्यासारखा.

"म्हणून मंग देवाच्या डोळ्यात पाणी आणावं लागलं," आत्या म्हणाली. "चल, आटप. ऊन चढून राहिलं."